सालाझारची राजवट, सर्वंकष सत्ता आणि लोकशाही: हा भेद खरोखर टिकतो का?

कुळागर (फोंडा)

राज्यशास्त्रात राजवटींचे लोकशाही, अधिकारशाही आणि सर्वंकष सत्ता असे तीन प्रकार सांगितले जातात. मागच्या एका चर्चेत काही सदस्यांनी असे मत मांडले होते की, पहिला प्रकार बाजूला ठेवला तर उरलेल्या दोहोंत फरक करणे हा निव्वळ पुस्तकी उद्योग आहे, कारण ज्याच्या पाठीवर लाठी बसते त्याला लाठीच्या जातीशी देणेघेणे नसते. मला हे मत मान्य नाही. का मान्य नाही हे मी गोव्याच्या आधाराने मांडतो, कारण मराठी बोलणाऱ्या माणसांपैकी एका संपूर्ण पिढीने अधिकारशाही राजवट प्रत्यक्ष भोगली ती इथेच.

आंतोनियु सालाझार हे कोइंब्रा विद्यापीठातले अर्थशास्त्राचे प्राध्यापक. १९२८ साली ते पोर्तुगालचे अर्थमंत्री झाले, १९३२ साली पंतप्रधान झाले आणि पुढे १९६८ पर्यंत त्या पदावर राहिले. १९३३ च्या राज्यघटनेने त्यांनी जी राजवट उभी केली तिच्यात संसद होती, निवडणुका होत्या, राष्ट्राध्यक्षही होता. परंतु सत्तेत एकच संघटना राहील, वृत्तपत्रे छापण्याआधी तपासली जातील आणि राजकीय पोलीस कोणालाही उचलून नेऊ शकतील, अशी सारी तजवीज होती. गोव्यात जाहीर सभेला परवानगी लागे. नाटकाची संहिता आधी तपासून घ्यावी लागे. लग्नपत्रिकासुद्धा छापण्यापूर्वी सेन्सॉरकडे दाखवावी लागे, हे इथली जुनी माणसे आजही सांगतात. १८ जून १९४६ रोजी डॉ. राममनोहर लोहिया यांनी मडगावात सभाबंदी मोडली त्या घटनेचे मोल यातून कळते. त्यानंतर गोव्याच्या मुक्तिलढ्यातले नेते त्रिस्तांव ब्रागांझ कुन्हा यांना लष्करी न्यायालयाने आठ वर्षांची शिक्षा सुनावली आणि पोर्तुगालमधल्या पेनिशच्या किल्ल्यात नेऊन ठेवले.

एवढे असूनही मी या राजवटीला सर्वंकष म्हणणार नाही. लग्नपत्रिका तपासणाऱ्या सेन्सॉरला तिच्यात सरकारविरोधी मजकूर नाही ना एवढेच पाहायचे होते; वधूवरांनी सालाझारच्या नावाचा जयजयकार करावा, अशी त्याची अपेक्षा नव्हती. देवळांत कीर्तने होत, जत्रा भरत, मराठी शाळा चालत, आणि पेढीवर बसणारा माणूस तोंड मिटून पेढी चालवत असेल तर त्याच्या मनात काय आहे हे खणून काढण्याची सरकारला गरज वाटत नव्हती. स्पेनमधल्या फ्रांकोच्या राजवटीचा अभ्यास करून हुआन लिंझ या समाजशास्त्रज्ञाने १९६४ साली अधिकारशाहीची जी लक्षणे सांगितली, ती इथे तंतोतंत लागू पडतात. चर्च, लष्कर, जमीनदार, व्यापारी अशा काही शक्तींना मर्यादित स्वायत्तता होती. नव्या मानवाचे वा नव्या युगाचे असे आखीव तत्त्वज्ञान नव्हते. जनतेला रस्त्यावर उतरवण्याची हौस नव्हती. उलट जनता घरी बसलेलीच बरी, अशी वृत्ती होती. पोर्तुगालमध्ये रोलांव प्रेतु यांच्या नेतृत्वाखाली निळ्या सदऱ्यांची, हिटलर-मुसोलिनीच्या धर्तीवरची संघटना उभी राहिली तेव्हा १९३४ साली तिच्यावर बंदी घालणारे स्वतः सालाझारच होते. ती संघटना पुरेशी उजवी नव्हती असे नाही. ती लोकांना चेतवत होती, हीच अडचण होती.

याच्या शेजारी जर्मनी ठेवून पाहावा. ३० जानेवारी १९३३ रोजी हिटलर चॅन्सेलर झाला, २३ मार्चला संसदेने कायदे करण्याचा अधिकार त्याच्या हाती दिला आणि १४ जुलैला नाझी पक्षाखेरीज दुसरा पक्ष काढणे हा गुन्हा ठरला. इतके कदाचित सालाझारनेही केले असते. मात्र त्याच काळात गायनमंडळांपासून क्रीडासंघांपर्यंत प्रत्येक संस्था पक्षाच्या चौकटीत ओढली गेली, मुलांना पक्षाच्या युवक संघटनेत जाणे पुढे सक्तीचे झाले आणि प्रत्येक वस्तीवर नजर ठेवायला पक्षाचा माणूस नेमला गेला. तिथे गप्प बसलेला माणूस संशयित होता. आदर्श नागरिक घरी बसून राहावा असे तिथे कोणालाच वाटत नव्हते. तो मिरवणुकीत दिसला पाहिजे आणि त्याचा हात वर गेलेला दिसला पाहिजे.

म्हणून माझे म्हणणे असे की, राजवट किती क्रूर आहे एवढे पाहून तिचा प्रकार ठरत नाही. माणसाच्या आयुष्यात ती कुठपर्यंत शिरते आणि त्याच्याकडून काय मागते यावरून तो ठरतो. गप्प राहण्याची मुभा ही फार तुटपुंजी मुभा आहे हे मला कळते, तरीही त्याच मुभेच्या आश्रयाने गोव्यात भाषा टिकली, श्रद्धा टिकल्या आणि प्रतिकार करणारी माणसे तयार झाली. सदस्यांनी, विशेषतः असहमत असणाऱ्यांनी, यावर सविस्तर लिहावे.

सह्यवारा

कुळागर यांनी मांडणी काळजीपूर्वक केली आहे, म्हणून विरोधही तितक्याच काळजीने नोंदवतो. माझा पहिला आक्षेप असा की त्यांनी सालाझारची राजवट फोंड्यातून पाहिली. तीच राजवट मोझांबिक किंवा अंगोलातून पाहिली असती तर 'मर्यादित स्वायत्तता' हे शब्द त्यांच्या लेखणीतून उतरले असते का? आफ्रिकेतल्या बहुसंख्य रहिवाशांना त्या राजवटीने नागरिकच मानले नव्हते. 'इंडिजिना' म्हणजे देशी असा त्यांचा वेगळा कायदेशीर दर्जा होता, त्यांना सक्तीने मजुरीवर धाडले जात होते, उत्तर मोझांबिकमध्ये शेतकऱ्यांना आपल्या पोटाच्या पिकाऐवजी कापूस लावणे भाग पाडले जात होते, आणि हा दर्जा रद्द झाला तो १९६१ साली, अंगोलात बंड पेटल्यानंतर. केप व्हर्द बेटांवरच्या तारफाल येथे १९३६ साली उघडलेली छावणी कैद्यांना हळूहळू मारण्यासाठीच होती असे तिथून सुटलेल्यांनी सांगितले आहे. १६ डिसेंबर १९७२ रोजी मोझांबिकमधल्या विरियामू आणि आसपासच्या वस्त्यांवर पोर्तुगीज सैनिकांनी शेकडो माणसे मारली, त्यांत बायका-मुले होती. ज्यांच्या शेतात काय पिकेल आणि ज्यांचे शरीर कुठे राबेल हे सरकार ठरवत होते, त्यांच्या आयुष्यात सरकार किती खोलवर शिरले होते?

गोव्यातल्या माणसाला मिळालेली गप्प राहण्याची मुभा हा त्या राजवटीचा स्वभाव नव्हता. साम्राज्यातल्या उतरंडीत गोवेकर वरच्या पायरीवर होते म्हणून ती मिळाली होती.

दुसरा आक्षेप या भेदाच्या वापराविषयी आहे. १९७९ साली जीन कर्कपॅट्रिक यांनी अमेरिकेत हाच भेद राजकारणात आणला. पारंपरिक हुकूमशाही सुधारू शकते, साम्यवादी सर्वंकष सत्ता आपणहून कधीच बदलत नाही, म्हणून अमेरिकेने पहिलीशी जुळवून घ्यावे, असा त्यांचा युक्तिवाद होता. पुढे त्या रेगन सरकारच्या संयुक्त राष्ट्रांतील प्रतिनिधी झाल्या. त्या वेळी अर्जेंटिनात १९७६ पासून लष्करी मंडळ सत्तेवर होते आणि ते या वर्गवारीप्रमाणे 'अधिकारशाही' होते. लोकशाही परतल्यावर नेमलेल्या आयोगाने बेपत्ता झालेल्या सुमारे ९,००० माणसांची नोंद केली, आणि मानवाधिकार संघटना ही संख्या ३०,००० पर्यंत सांगतात. कैदेत बाळंत झालेल्या स्त्रियांची मुले काढून घेऊन लष्कराच्या मर्जीतल्या घरांत दिली गेली. मूल कोणाच्या घरी वाढेल आणि कोणाला आई म्हणेल हे ठरवणारी सत्ता मर्यादित कशी?

शिवाय कर्कपॅट्रिक यांचे भाकीत खोटे ठरले. १९८९ साली पूर्व युरोपातल्या राजवटी एकामागून एक कोसळल्या, बहुतेक ठिकाणी रक्तपाताविना, आणि १९९१ च्या डिसेंबरात सोव्हिएत संघ स्वतःच विसर्जित झाला. ज्या वर्गवारीवरून काढलेला सर्वांत ठळक निष्कर्ष इतक्या लवकर निकालात निघाला तिच्यावर किती भिस्त ठेवायची?

अनुराधा ज.

सह्यवारा यांनी दिलेल्या घटना खऱ्या आहेत आणि त्या कोणी झाकूही नयेत. मात्र त्यांतून भेद पुसला जातो असे मला वाटत नाही. अर्जेंटिनाचे लष्करी मंडळ अमानुष होते, परंतु त्याने मारण्यासाठी शत्रू निवडले: संघटनांचे कार्यकर्ते, विद्यार्थी, कामगार पुढारी, त्यांना मदत करणारे, आणि संशयापोटी त्यांच्या आसपासचे. सोव्हिएत संघात १९३७ साली जे झाले त्याची जात निराळी होती.

सोव्हिएत गुप्त पोलिसांच्या ३० जुलै १९३७ च्या ००४४७ क्रमांकाच्या आदेशात प्रत्येक प्रांताला आकडे ठरवून दिले होते. पहिल्या वर्गातल्या इतक्यांना गोळ्या घालायच्या, दुसऱ्या वर्गातल्या इतक्यांना आठ ते दहा वर्षे छावणीत धाडायचे. माणसे कोण हे नंतर ठरायचे, संख्या आधी ठरलेली होती. तिघातिघांच्या मंडळांपुढे प्रकरणे यादीने निकालात निघत आणि आरोपी समोर असण्याचीही गरज नसे. प्रांतांतले अधिकारी आपला कोटा वाढवून मिळावा म्हणून मॉस्कोकडे मागणी करत होते, कारण कोटा लवकर पुरा करणे हा निष्ठेचा पुरावा होता. १९३७ आणि १९३८ या दोन वर्षांत सोव्हिएत कागदपत्रांतल्याच नोंदींप्रमाणे ६,८०,००० हून अधिक माणसांना मृत्युदंड दिला गेला. त्यांत पक्षाचे निष्ठावंत होते, आणि आदल्या वर्षी ही यंत्रणा चालवणारे पोलीस अधिकारीही होते.

इथे गप्प राहून सुटका नव्हती आणि जयजयकार करूनही नव्हती. अधिकारशाहीत राहणाऱ्या सामान्य माणसाला निदान एवढे उमगते की अमुक केले तर पोलीस येतील आणि अमुक टाळले तर बहुधा येणार नाहीत. या 'बहुधा'वर माणसे मुलांना शिकवतात, घरे बांधतात, उद्याचा विचार करतात. सर्वंकष सत्ता आपल्या ऐन भरात असताना तो आधारही काढून घेते. भीतीचे प्रमाण कमी-जास्त असण्यापेक्षा हा वेगळा मुद्दा आहे, आणि तो सोडून दिला तर १९३७ च्या मॉस्कोत नेमके काय घडले हे आपल्याला सांगताच येणार नाही.

कर्कपॅट्रिक यांनी भेदाचा गैरवापर केला हे मान्य. पण मग गैरवापराला उत्तर द्यावे. निदानच टाकून का द्यावे?

पैलतीर (लाइपझिग)

मी गेली बरीच वर्षे जर्मनीच्या ज्या भागात राहतो तो १९९० पर्यंत पूर्व जर्मनीत होता, म्हणून एक माहिती जोडतो. ती कोणाच्या बाजूने जाते हे तुम्हीच ठरवा.

१९८९ साली पूर्व जर्मनीच्या गुप्त पोलिसांत, म्हणजे श्टाझीत, सुमारे ९१,००० पूर्णवेळ कर्मचारी होते आणि त्यांच्याखेरीज पावणेदोन लाखांच्या आसपास खबरे होते. देशाची लोकसंख्या साधारण १ कोटी ६० लाख होती. परंतु त्या दशकात तिथे १९३७ सारखे शिरकाण चालू नव्हते. वरिष्ठांनी ठरवले होते की अटक कमी करायची आणि माणूस आतून मोडायचा: त्याची बढती अडवायची, त्याच्याविषयी अफवा पसरवायच्या, त्याच्या मैत्रीत संशय पेरायचा. विरोधी चळवळीतल्या वेरा वोलेनबर्गर यांना बर्लिनची भिंत पडल्यावर आपल्या नावाची कागदपत्रे पाहायला मिळाली, आणि त्यांच्यावर 'डोनाल्ड' या टोपणनावाने अहवाल लिहिणारा माणूस त्यांचा नवरा होता हे त्यांना तेव्हा समजले. रक्त सांडलेले नव्हते, तरीही घराचा उंबरठा उरलेला नव्हता.

दुसरीकडे याच शहरात ९ ऑक्टोबर १९८९ रोजी सत्तर हजारांच्या आसपास माणसे निकोलाय चर्चपासून निघून शहराच्या वळणरस्त्यावर चालत गेली. शस्त्रे घेतलेली दले उभी होती आणि गोळीबार झाला नाही. चर्चच्या चार भिंतींत प्रार्थनेच्या नावाखाली जमण्याची मोकळीक गेली काही वर्षे सत्तेने दिली होती, म्हणजे कुळागर ज्याला मर्यादित स्वायत्तता म्हणतात ती तिथे हळूहळू तयार झाली होती. सर्वंकष सत्ता वयात आली की तिच्यातला आवेश संपतो आणि ती अधिकारशाहीकडे सरकते, असे मला दिसते. माओच्या मृत्यूनंतरच्या चीनविषयीही हेच म्हणता येईल, फक्त तिथे वारे पुन्हा उलटे फिरल्यासारखे वाटते. तेव्हा हे कप्पे नसून राजवटींच्या अवस्था आहेत.

तटस्थ वाचक (सोलापूर)

आतापर्यंत सगळ्यांनी दोन प्रकारच्या हुकूमशाह्यांची तुलना केली आणि तिसरा प्रकार, लोकशाही, जणू गृहीत धरला. माझा आक्षेप तिथे आहे. आपल्याकडची लोकशाही २५ जून १९७५ च्या रात्री एका सहीने निलंबित झाली आणि त्यासाठी राज्यघटना मोडावी लागली नाही, तिच्यातलेच कलम पुरले. दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांवर सेन्सॉर बसला. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने सांगितले की आणीबाणी असेपर्यंत बेकायदा अटकेविरुद्धही न्यायालयात दाद मागता येणार नाही. त्या सुनावणीत न्यायमूर्ती खन्ना यांनी महान्यायप्रतिनिधींना विचारले होते की एखाद्या पोलिसाने वैयक्तिक वैरातून कोणाचा जीव घेतला तर काय, आणि तरीही उपाय नाही, असेच उत्तर आले.

आता कुळागर यांचीच कसोटी लावू. सरकार माणसाच्या आयुष्यात कुठपर्यंत शिरले? १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, आणि शिक्षकांना, तलाठ्यांना 'केसेस' आणून देण्याचे उद्दिष्ट ठरवून दिलेले होते. अनुराधाताईंनी सांगितलेला कोटा इथेही होता, फक्त तो गोळीचा नव्हता. आपल्या महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर १९७६ साली सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूरही केले होते. त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायद्यात उतरले नाही. शरीरावरची ही सत्ता सालाझारने गोव्यात कधी मागितली होती का?

याउलट सिंगापूर पाहा. तिथे १९५९ पासून एकच पक्ष सत्तेवर आहे. संसदेतले विरोधक चिया थाय पो यांना १९६६ साली खटल्याविना जे पकडले ते २३ वर्षांनी सोडले आणि त्यानंतरही १९९८ पर्यंत बंधने ठेवली, हे मी विसरलेलो नाही. तरीही सरकारी घरकुले, पाणी, शाळा, भ्रष्टाचाराला आळा या गोष्टी तिथल्या सामान्य माणसाला मिळाल्या. माझ्या जिल्ह्यातली माणसे दर निवडणुकीत मत देतात आणि उन्हाळ्यात टँकरच्या मागे धावतात. त्यांनी मला विचारले की तुमची ही तीन प्रकारांची वर्गवारी आमच्या हंड्यात काय घालते, तर मी काय सांगू?

कुळागर (फोंडा)

तिन्ही आक्षेपांना एकत्र उत्तर देता येणार नाही, म्हणून जिथे मला सर्वाधिक सांगायचे आहे तिथे थांबतो आणि बाकीचे थोडक्यात आटोपतो.

पैलतीर यांचे निरीक्षण मोलाचे आहे आणि ते माझ्या मांडणीला छेद देत नाही. राजवटी सरकतात, सरकतात म्हणूनच कुठून कुठे सरकल्या हे सांगायला खुणा लागतात.

तटस्थ वाचक यांना विनंती अशी की सोलापूरच्या हंड्याबरोबर १९७२ चा दुष्काळही आठवावा. त्यांच्या जिल्ह्यातल्या घराघरांत सुकडीच्या आणि लाल मिलोच्या आठवणी असतील. त्या दुष्काळात पिके बुडाली, जनावरे गेली, माणसे खडी फोडायला आणि नालाबांधाच्या कामांवर गेली. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात जवळपास ५० लाख माणसे सरकारी दुष्काळी कामांवर होती. कामे अपुरी होती, मजुरी थकत होती, म्हणून मोर्चे निघत होते, विरोधी पक्ष विधानसभा बंद पाडत होते, मुंबईत बायका लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या होत्या. सरकारला कामे काढावी लागली ती या सगळ्या गोंगाटामुळे. त्या अनुभवातूनच रोजगार हमी योजना पुढे कायद्याच्या रूपात आली.

चीनमध्ये १९५९ च्या उन्हाळ्यात लूशान येथे पक्षाच्या नेत्यांची बैठक झाली. गावोगाव पिकांचे आकडे फुगवून सांगितले जात होते, त्या आकड्यांवर सरकार धान्य उचलत होते आणि लोक उपाशी मरू लागले होते. संरक्षणमंत्री फंग तहुआय यांनी माओंना खाजगी पत्र लिहून ही गोष्ट कानावर घातली. माओंनी ते पत्र छापून सर्वांना वाटले, फंग यांना पक्षविरोधी ठरवून पदावरून काढले, आणि त्यानंतर खरे आकडे सांगण्याची कोणाची छाती झाली नाही. त्या दुष्काळातल्या मृत्यूंचे अंदाज दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत जातात. अमर्त्य सेन यांनी दाखवून दिले ते हेच की मोकळी वृत्तपत्रे आणि निवडणुका असलेल्या देशात अशी महाभुकेली वेळ येत नाही. रोजचे कुपोषण आणि टँकर त्याने संपत नाहीत, हेही सेन सांगतात, आणि आपली लोकशाही तिथे उणी पडते हे मी नाकारत नाही. सिंगापूरला शहाणे सरकार मिळाले. ते शहाणे निघाले नसते तर तिथल्या नागरिकांच्या हाती ते बदलण्याचा कोणता उपाय होता?

आणीबाणीविषयी. त्या निकालात पाचवे न्यायमूर्ती खन्ना होते, त्यांनी विरोधी मत नोंदवले, त्यांचे सरन्यायाधीशपद हुकले आणि त्यांनी राजीनामा दिला. कराडच्या साहित्य संमेलनात दुर्गा भागवत यांनी अध्यक्षपदावरून सरकारविरुद्ध आवाज उठवला आणि पुढे त्यांना तुरुंगात जावे लागले. मार्च १९७७ मध्ये ज्या गावांत नसबंदीची जबरदस्ती झाली त्या उत्तरेतल्या गावांनीच सत्ताधाऱ्यांना घरी बसवले. ते एकवीस महिने अधिकारशाहीचेच होते, मी त्यांना दुसरे नाव देणार नाही. परंतु निवडणूक हरल्यावर सत्ता सोडली गेली. सालाझारच्या पोर्तुगालमध्ये १९५८ साली जनरल उंबेर्तु देलगादु राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहिले आणि निवडून आलो तर सालाझारना बडतर्फ करीन असे म्हणाले. सरकारी मोजणीत त्यांना पाव मते दाखवली गेली, दुसऱ्या वर्षी राष्ट्राध्यक्षाची थेट निवडणूकच रद्द झाली आणि १९६५ साली राजकीय पोलिसांनी देलगादु यांचा खून केला.

आमच्या गोव्याचेच उदाहरण घ्या. १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हावे की केंद्रशासित राहावे यावर जनमत कौल झाला. विलीनीकरण हा भाऊसाहेब बांदोडकरांच्या सत्ताधारी पक्षाचा जाहीर कार्यक्रम होता. आमचे घरही त्याच बाजूचे होते. कौल निःपक्ष व्हावा म्हणून त्यांच्या मंत्रिमंडळाने आधी राजीनामा दिला. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मते पडली आणि विरोधात १,७२,१९१. आम्ही हरलो. ज्यांनी आम्हाला हरवले त्यांच्या घरी कोणी पोलीस धाडले नाहीत आणि आमच्या घरीही कोणी आले नाही. दोन महिन्यांनी त्याच मतदारांनी बांदोडकरांना पुन्हा निवडून दिले. पंधरा वर्षांपूर्वी ज्या भूमीत परवानगीविना सभा भरवता येत नव्हती तिथे लोकांनी आपल्या लाडक्या मुख्यमंत्र्याला एका प्रश्नावर नकार दिला आणि तरीही त्याला खुर्चीवर ठेवले, ही गोष्ट मला आजही अपूर्व वाटते.

आता सह्यवारा. आफ्रिकेविषयी त्यांनी जे लिहिले त्याला माझ्याकडे खोडून काढण्यासारखे काही नाही, आणि ते खोडावे अशी इच्छाही नाही. एकच राजवट लिस्बनमध्ये एक, पणजीत दुसरी आणि मोझांबिकमध्ये तिसरी असते, असे म्हणावे लागेल. तरीही एक गोष्ट त्यांनी तपासावी. डिसेंबर १९६१ मध्ये सालाझार यांनी गोव्याचे गव्हर्नर जनरल वासालु इ सिल्व्हा यांना तार केली की शरणागती नको, सैनिक विजयी व्हावेत किंवा मरावेत. गव्हर्नरांनी १९ डिसेंबरला शरणागती पत्करली आणि त्यामुळे दोन्हीकडची शेकडो माणसे वाचली. मायदेशी त्यांना सैन्यातून काढून टाकले गेले, त्यांची अप्रतिष्ठा झाली. पण त्यांना गोळी घातली गेली नाही, आणि त्यांच्या कुटुंबाला छावणीत धाडले गेले नाही. स्टालिनच्या सेनापतीने अशी तार धुडकावली असती तर त्याचे आणि त्याच्या घरच्यांचे काय झाले असते?

सह्यवारा

वासालु इ सिल्व्हा यांचे उदाहरण मी मानतो. ते गोरे होते, जनरल होते आणि राजवटीच्या आतले होते, हेही त्यासोबत मांडले पाहिजे. त्याच राजवटीने गोवा मुक्तिलढ्यातले मोहन रानडे यांना १९५५ साली पकडले. गोवा मुक्त झाल्यावरसुद्धा त्यांना सोडले नाही, लिस्बनजवळच्या काशियाशच्या तुरुंगात ठेवले, आणि त्यांची सुटका झाली ती जानेवारी १९६९ मध्ये, सालाझार सत्तेवरून गेल्यानंतर. ज्या भूमीसाठी शिक्षा झाली ती भूमीच हातून गेली होती, तरी कैदी सुटला नव्हता.

अनुराधाताई म्हणतात त्या 'बहुधा'चे महत्त्व मला पटते. १९३७ चा मॉस्को आणि १९५० चे पणजी यांत फरक आहे, एवढे मी स्वीकारतो. मात्र या फरकाची मोजणी करताना मापपट्टी कोणाच्या हातात द्यायची, यावर माझा आग्रह कायम आहे. मोझांबिकमधला कापूसवाला शेतकरी, अर्जेंटिनात कैदेत बाळंत झालेली स्त्री, आणीबाणीत ज्याला ट्रकमध्ये घालून शस्त्रक्रियेच्या शिबिरात नेले तो मजूर, यांच्याकडून राजवटीचे वर्णन आधी घ्यावे आणि नंतर तिला नाव द्यावे. लोकशाहीलाही हीच कसोटी लावावी. आपल्या देशातल्या ज्या भागांत विशेष कायद्यांखाली माणसे वर्षानुवर्षे राहिली आहेत, तिथल्या रहिवाशाने लोकशाहीचे केलेले वर्णन सोलापूर किंवा फोंड्याहून निराळे असेल.

अनुराधा ज.

हा क्रम मला मान्य आहे. फक्त सह्यवारा यांनी एक लक्षात घ्यावे की, त्या तिघांपैकी मजुराला आणि अर्जेंटिनातल्या स्त्रीला आपले वर्णन जाहीरपणे नोंदवता आले ते निवडणुका झाल्यावर, आणीबाणीची चौकशी करणाऱ्या शाह आयोगापुढे आणि ब्युनोस आयरिसच्या आयोगापुढे. ब्युनोस आयरिसच्या प्लाझा द मायो म्हणजे मे महिन्याच्या चौकात १९७७ पासून बेपत्ता मुलांचे फोटो घेऊन फेऱ्या मारणाऱ्या आया लष्करी मंडळाच्या काळातही बोलत होत्या, त्यांच्यातल्या काही स्वतः बेपत्ता झाल्या, आणि तरी बाकीच्या दर गुरुवारी येत राहिल्या. १९३७ च्या मॉस्कोत असा चौक नव्हता.